कोंबडी वळणावर मोडलेले आर्म

आमच्या शेडच्या दारात ट्रकवरून एखादी स्पोर्ट्स कार उतरली, की ती कुठे मोडली हे मी विचारत नाही. पुढचं डावं चाक पंगतीत मान न मिळालेल्या व्याह्यासारखं तोंड फिरवून बसलेलं असलं, की गाडी कोंबडी वळणावरून आली असं समजायचं. मागोमाग मालक येतो आणि मी काही बोलायच्या आत सांगतो, की तो अजिबात जोरात नव्हता. सगळे हेच सांगतात. एवढ्या हळू चालवणाऱ्या लोकांना शर्यतीची गाडी लागते कशाला, हा प्रश्न मी मनात ठेवते, कारण माझं पोट त्यावर चालतं.

माझी शेड वराळ्याला आहे. एका बाजूला नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला लहान कारखाने, मध्ये आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि आबा. आबा लोहगडवाडीचे. त्यांचे वडील नांगराचे फाळ करायचे. आबा वयाने माझ्याहून मोठे आणि कामात माझ्याहून हट्टी आहेत. शेड टाकण्याआधी मी एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं करतात तिथे, वेल्डिंग करत होते. ती नोकरी कशी लागली आणि का सोडली हे सांगायला बसले तर संपादक कात्री लावतील, म्हणून ते सोडून देते.

आमच्या कामाचं नाव सस्पेन्शन. गाडीचं चाक गाडीला थेट जोडलेलं नसतं. मध्ये लोखंडाचा एक हात असतो, त्याला आम्ही आर्म म्हणतो. आपल्या हातासारखीच त्याची रचना. खांद्याशी तो गाडीच्या सांगाड्यावरच्या ब्रॅकेटमध्ये बोल्टने अडकवलेला असतो आणि त्या बोल्टभोवती जाड रबर असतं. मनगटाशी गोल फिरणारा सांधा, आणि त्यापुढे चाक. खड्डा आला की हात वर जातो, स्प्रिंग दबते, खड्डा संपला की हात खाली येतो. चालत्या गाडीत तुमच्या पोटातलं पाणी हलत नाही ते या हातामुळे.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. भाजीचे टेम्पो, दुधाच्या पिकअप, शाळेच्या व्हॅन हे आमचं रोजचं वरण-भात. सणासुदीला वेगळं ताट येतं. लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्यांनी गाडी इतकी खाली बसवून घेतली होती, की ती त्यांच्याच फाटकातल्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून अडकली. मला बोलावलं तेव्हा मी गाडीला हात न लावता स्पीडब्रेकर तोडायला सांगितला. त्यांना तो सल्ला पुरेसा तांत्रिक वाटला नाही. एक बैलगाड्याचे मालक आले होते. त्यांना शर्यतीच्या गाड्याला मोटारसायकलचे शॉकॲब्सॉर्बर लावून हवे होते, कारण बैलांना हादरे बसतात. हादरे गाड्याला बसतात, बैल पुढे असतात, हे आबांनी त्यांना परोपरीने समजावलं. ते म्हणाले, “व्हय, पर बैलाला मागनं आवाज येतो ना.”

आता कोंबडी वळण. मळवलीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका शेठजींची पोल्ट्री होती. पोल्ट्री बंद झाली तेव्हा त्यांना कुणीतरी पटवलं, की पुण्या-मुंबईच्या लोकांकडे जोरात पळणाऱ्या गाड्या आहेत पण पळवायला जागा नाही. शेठजींनी शेड पाडल्या आणि डांबराचा एक वेडावाकडा गोल रस्ता करून घेतला. पावसाळ्यात तो बंद असतो, एरवी रविवारी तिथे गाड्या फिरतात. शेवटची शेड जिथे होती तिथे डावीकडे एक घट्ट वळण आहे. तेच कोंबडी वळण.

शर्यतीच्या ट्रॅकवर वळणाच्या आतल्या बाजूला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कड असते. ती बुटकी आणि उतरती करतात, कारण चाक तिच्यावरून जाणार हे गृहीत असतं. शेठजींनी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला आणि अशीच कर म्हणून गवंड्याला सांगितलं. फोटोत रंग दिसतो, उंची दिसत नाही. गवंडी होता भाजे गावचा किसनभाऊ, आमच्या आबांचा साडू. किसनभाऊने आयुष्यभर तळेगावच्या सोसायट्यांचे फुटपाथ बांधलेले. त्याने फुटपाथची कड बांधली. ताठ, काटकोनात, आत सळ्या घालून. वर भरपूर पाणी मारलं आणि इतका सुबक तांबडा-पांढरा रंग दिला, की लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. फोटो काढून झाला की गाडीत बसतात आणि येऊन त्याच कडेवर आपटतात.

पहिले दोन-तीन आर्म आले तेव्हाच मी आबांना घेऊन ट्रॅकवर गेले. शेठजींना कड दाखवली. त्यांनी किसनभाऊला बोलावलं. मी त्याला म्हटलं, की भाऊ, या कडेवर गाडी चढायची असते.

किसनभाऊने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या मुलीच्या लग्नात मीठ कमी आहे म्हटलं होतं.

“ताई, कडेचा दगुड कशापायी असतो? गाडी वर चढू न्हाई म्हून. आन तुमी म्हंता चढाय पायजे. मंग बांधायचा कशाला?”

मी उतार करायला सांगितला. आबांनी साडूला बाजूला नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. पुढच्या आठवड्यात किसनभाऊने उतार केला. गवताच्या बाजूने केला. ट्रॅकच्या बाजूची भिंत होती तशीच ताठ. आम्हाला बघायला बोलावलं तेव्हा तो समाधानाने म्हणाला, “पानी साचत न्हाई आता.”

त्यानंतर मी नाद सोडला. आबांच्या घरचा मामला होता आणि कड फोडायची म्हटलं तरी ती सहज फुटण्यातली नव्हती.

या वळणाने मला जी माणसं मिळवून दिली, त्यांत पहिला नंबर डॉक्टर दातारांचा. तळेगावला त्यांचा दातांचा दवाखाना आहे. आडनावावरून विनोद करायचा असेल तर करू नका, त्यांनी सगळे ऐकलेत. त्यांच्याकडे दोन माणसांची, जुनी, परदेशातून आलेली पिवळी गाडी आहे. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघणारा हा माणूस रविवारी त्या गाडीत बसला, की त्याची पाठ सरळ होते. गाडी सोडली तर त्यांना दुसरा नाद नाही. पान नाही, पत्ते नाहीत. म्हणून ती जाऊ नये असं मलाही वाटायचं. तसं वाटणं माझ्या धंद्याच्या सोयीचं होतं, तेही खरं.

पहिल्यांदा आर्म मोडला तो रविवार होता आणि माझी शेड बंद. त्यामुळे ट्रकवाल्याने गाडी डॉक्टरांच्या सोसायटीत नेली. तिथे फाटकाच्या कमानीखाली ट्रक अडकला. सगळे शेजारी खाली आले. एका आजोबांनी विचारलं, की नवी घेतली का. डॉक्टरांच्या पत्नी माधवी मॅडम शाळेत भूमिती शिकवतात आणि त्यांना तमाशा खपत नाही. त्या रात्री घरात करार झाला: पुन्हा ही गाडी ट्रकवर बसून घरी आली, तर खाली उतरवायची नाही, त्याच ट्रकने परस्पर विकायला पाठवायची. डॉक्टरांनी कबूल केलं. दुसरा काही मार्गही नव्हता, कारण सोसायटीचा चेअरमन अजून दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडे आली. मोडलेला आर्म जोडून देणारे रस्त्याने पैशाला पासरी मिळतात. मी ते करत नाही. मी धड आर्म आणते आणि त्याला बळ देते. आर्म म्हणजे बहुधा जाड पत्र्याची उलटी पन्हळ असते, खालून उघडी. त्या उघड्या बाजूला पट्टी जोडून तो डबीसारखा बंद केला की पिळाला चांगला टिकतो. पण वेल्डिंग एका दमात करायचं नसतं, तापून आर्म केळ्यासारखा वाकतो. म्हणून तो जाड लोखंडी पाटावर बोल्टने आवळायचा, इथे दोन बोटं, तिथे दोन बोटं असे टाके घालत जायचं आणि मध्ये थंड होऊ द्यायचं. रबर त्याआधी काढून ठेवायचं. आबा सुरुवातीला ते विसरले होते, तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या बायकांनी होळी कधीची म्हणून विचारलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं, की अर्ध्या भागालाच पट्टी मारते. ते म्हणाले, पूर्ण मारा, दोन्हीकडून मारा, तोफेच्या गोळ्याने मोडता कामा नये. मी म्हटलं, आर्म मोडला नाही तर तोच हिसका ब्रॅकेटला बसेल, आणि ब्रॅकेट सांगाड्याला असतं.

“ताई, दाताला कॅप बसवली की दात मोडत नाही. रोज करतो मी हे.”

“आणि मग दगड चावला तर?”

“तर जबडा…” म्हणून ते थांबले. पण मोह वाईट. पूर्णच मारा म्हणाले. मी सांगून पाहिलं होतं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करून दिलं.

पुढच्याच खेपेला कोंबडी वळणावर आर्मला ओरखडा गेला नाही. ब्रॅकेट मात्र सांगाड्यातून केळफुलाच्या पाकळीसारखं सोलून निघालं. या वेळी डॉक्टरांनी फोन करून मला रविवारी शेड उघडायला लावली आणि ट्रक थेट वराळ्याला आणला. गाडी खाली उतरतेय तोच माधवी मॅडम स्कूटरवरून आल्या. त्यांना कुणी कळवलं हे अजून कळलेलं नाही, माझा संशय ट्रकवाल्यावर आहे.

डॉक्टर म्हणाले, “घरी आली तर, असं ठरलं होतं. ही घरी कुठे आलीय? ही वराळ्याला आलीय.”

मॅडमनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. “प्रमेय तेच आहे. तुम्ही फक्त आकृती फिरवून काढलीत.”

“करार म्हणजे करार.”

“बरं. मग आता नवा करार. ट्रकवर चढली की विकायची. उतरली कुठे, याच्याशी संबंध नाही. ताई साक्षीदार आहेत.”

मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली. समोर भूमितीच्या बाई उभ्या असल्या की मान हलते.

डॉक्टरांना रविवारीही दवाखाना आठवला आणि ते गेले. मॅडम मात्र स्टूल ओढून बसल्या आणि नेमकं का मोडतं ते समजावून सांगा म्हणाल्या. मी फरशीवर खडूने चाक, आर्म, ब्रॅकेट काढून दाखवलं. त्यांनी आधी माझी आकृती सुधारली. मग म्हणाल्या, की म्हणजे एक जागा भक्कम केली की मोडायचं काम शेजारच्या जागेवर जातं. मी म्हटलं, हो, मोडणं संपत नाही, फक्त जागा बदलतं.

“मग मोडायची जागा आपणच का ठरवत नाही?”

टूलरूममध्ये हे वाक्य यायला माझ्या साहेबांना वर्षं लागली होती. तेव्हापासून मी मॅडमशी जरा जपून बोलते.

मध्ये पावसाळा गेला. ट्रॅक बंद, त्यामुळे काम सावकाश चाललं. नवरात्रापर्यंत सांगाडा सरळ झाला, ब्रॅकेटच्या जागी जाड पत्र्याचं नवं ब्रॅकेट बसलं आणि आतून त्याला आधाराच्या पट्ट्या लागल्या. दोन्ही बाजूंचे आर्म खाली काढून ठेवले होते. पूर्ण पट्टीचा डावा बाद करून आणखी एक नवा आणलेला होता. उजवा पहिल्यापासूनचाच. तो कधी कडेवर आपटलेला नसल्याने मी त्याला नुसत्या नजरेने पास केला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुसून, मांडून पूजा होते. त्या दिवशी पाना उचलायचा नाही, हा आबांचा कायदा. एका वर्षी पाण्याचा नळ गळत होता तर त्यांनी मला नळसुद्धा आवळू दिला नाही. आबांनी पाने, हातोडे, ग्राइंडर ओळीने मांडले आणि रांगेच्या शेवटी डॉक्टरांचे आर्म ठेवले. मी म्हटलं, हे गिऱ्हाइकाचे आहेत. आबा म्हणाले, “लोखंड हाय न्हवं? मंग बसंल पंगतीला.” त्यांची पद्धत अशी, की तेलात कुंकू कालवायचं आणि प्रत्येक हत्याराच्या तोंडाला बोटाने लावायचं. आर्मला तोंड नसतं. त्याला बोल्टसाठी भोकं असतात, ते डोळे समजून आबांनी भोकांभोवती कुंकू सारवलं.

दुपारी डॉक्टर काम कुठवर आलं ते बघायला आले. आपले आर्म झेंडूची माळ घालून बसलेले बघून त्यांनी सवयीने हात जोडले. मग आपण कुणाला नमस्कार केला हे लक्षात आल्यावर आजूबाजूला पाहिलं. आबांनी त्यांना पेढा दिला.

पूजा हलवल्यावर मी आर्म फडक्याने स्वच्छ पुसले. उजव्यालाही थोडी पट्टी मारायची होती, म्हणून खूण करायला खडू फिरवला. आणि भोकाच्या काठापासून एक बारीक तांबडी रेघ त्या पांढऱ्यात हळूच उमटली. मी पुन्हा पुसलं, पुन्हा खडू फिरवला. रेघ पुन्हा आली. केसाएवढी फट होती. पळत्या गाडीत ती एखाद्या दिवशी आपली आपण उघडली असती, आणि तेव्हा कोंबडी वळणाचीही गरज लागली नसती.

आबांनी देवीला हात जोडले. “दावलं तिनं.”

मी त्यांना सांगितलं, की टूलरूममध्ये अशीच परीक्षा असते. पातळ तांबडा रंग लावायचा, तो फटीत शिरतो. वरचा पुसून टाकायचा आणि पांढरी पूड मारायची. पूड फटीतला रंग बाहेर ओढते आणि रेघ दिसते. कुंकवाचं तेल आणि खडूने तेच झालं.

आबांनी विचार केला. “म्हंजी कंपनीवाल्यांनी आपलंच उचाललं.”

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक आर्मला आधी कुंकू लागतं. विकतचा रंगही असतो कपाटात, पण आबांचा त्याच्यावर भरवसा नाही. मीही उगीच वाद घालत नाही, रेघ दिसल्याशी कारण.

उजवा आर्म भंगारात गेला, नवा आला. मग मी डॉक्टर आणि मॅडम दोघांना बोलावून काय करणार ते सांगितलं. ब्रॅकेट सगळ्यात भक्कम. आर्मचा खांद्याकडचा भाग त्याच्या खालोखाल. आणि चाकाकडचा वीतभर भाग मुद्दाम तसाच, पट्टी न मारलेला. आपटला तर तिथे वाकेल. तुटणार नाही, वाकेल. वाकलेला आर्म काढायचा, दुसरा लावायचा. दुसरा डिकीत ठेवायचा.

डॉक्टरांचा चेहरा पडला. एवढा पावसाळा थांबून शेवटी अर्धीच पट्टी, असा तो चेहरा होता. कमकुवत जागाच ठेवायची होती तर मी गाडी बळ द्यायला कशाला आणली, असं काहीतरी ते पुटपुटले. मॅडम म्हणाल्या, की घरात चिनी मातीची बरणी आणि स्टीलचा डबा एकाच फळीवर ठेवले की काय होतं ते डॉक्टरांना माहीत आहे, तेव्हा त्यांनी ताईंना बोलू द्यावं.

आर्म बदलायला मी डॉक्टरांना शिकवलं. शिकताना मॅडमही शेजारी उभ्या होत्या. त्यांना यात रस नव्हता, असं त्यांनी दोनदा सांगितलं. डॉक्टर उद्या काहीबाही सांगतील ते खरं की खोटं कळावं, एवढ्यासाठीच त्या होत्या. एक गोष्ट मी मुद्दाम बजावली, कारण ती नव्वद टक्के गॅरेजवाले चुकवतात. गाडी जॅकवर असते तेव्हा आर्म खाली लोंबत असतो. तशा अवस्थेत रबरातला बोल्ट आवळला, की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली टेकवली की आर्म वर येतो आणि रबर ओल्या फडक्यासारखं पिळलेलं राहतं. ते थोड्याच दिवसांत फाटतं. म्हणून बोल्ट हवेत नुसता बसवायचा, गाडी चारही चाकांवर उभी करायची, आणि मग आवळायचा.

“म्हणजे ज्या स्थितीत आयुष्य काढायचंय, त्या स्थितीत आवळायचा,” मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर तेव्हा मोबाइल बघत होते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ट्रॅक उघडला. मी त्या दिवशी वडगावला पुतणीच्या मुलीच्या बारशाला होते. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, नाव कानात सांगायचं म्हणून सगळे गप्प झालेले, आणि माझा फोन वाजला. मी नाव बघितलं आणि घेतला. गिऱ्हाइकाचा रविवारचा फोन न घेणं मला जमत नाही, हा माझा दोष सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे.

फोनवर मॅडम होत्या. मागे डॉक्टरांचा आवाज आणि कुठलंतरी इंजिन.

“ताई, एकच विचारायचंय. रबराचा बोल्ट आवळायचा कधी?”

“चाकं जमिनीला टेकल्यावर,” मी म्हटलं. त्या शांततेत ते अख्ख्या बारशाला ऐकू गेलं. मुलीच्या आजीने माझ्याकडे पाहिलं, ते मी अजून विसरलेली नाही.

“ऐकलंत?” हे मला नव्हतं. फोन बंद झाला.

गाडी ट्रकवर गेली की नाही, ते मला दिवसभर कळलं नाही. मुलीचं नाव काय ठेवलं तेही मी नंतर कुणालातरी विचारून घेतलं.

सोमवारी सकाळी मॅडम शाळेत जायच्या आधी शेडवर आल्या. स्कूटरवर पायाशी वाकलेला डावा आर्म गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. जिथे वाकायला सांगितला होता तिथेच वाकला होता, आणि वाकणं इतकं नेटकं होतं, की आबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. त्यांच्या साडूच्या कडेची आणि आमच्या आर्मची ती बरोबरी होती. ब्रॅकेटला काही झालं नव्हतं.

मग मॅडमनी सांगितलं ते असं. डॉक्टर कोंबडी वळणावर आपटले. जोरात नव्हते. त्यांच्या एका मित्राने काळजीने लगेच ट्रक बोलावला, आणि ट्रकवाला ट्रॅकबाहेर चहाला थांबलेलाच असल्यामुळे दहा मिनिटांत येऊन मागे मागे येत उभा राहिला. ट्रकवाल्याने फळ्या खाली सोडल्या. डॉक्टर त्याला हात जोडून थांबा म्हणत होते आणि डिकीतून दुसरा आर्म काढत होते. मॅडम झाडाखाली खुर्ची टाकून वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांना काहीच करायची गरज नव्हती. डॉक्टरांनी आयुष्यात एकट्याने आर्म बदललेला नव्हता. काम फसलं असतं, ट्रकवाला होताच, गाडी वर चढली असती, आणि करार पूर्ण.

“मी बघत होते,” मॅडम म्हणाल्या. “आर्म बसवला त्यांनी. हळूहळू बसवला, पण बसवला. घामाघूम झाले होते. मग गाडी जॅकवरच, चाक हवेत, आणि ह्यांनी मोठा पाना घेतला आणि बोल्ट करकचून आवळायला सुरुवात केली.”

त्यांनी गोणपाट हातात घेतलं.

“मी मनाशी म्हटलं, गप्प बस. विकायचीय ना आपल्याला. रबर फाटलं तर फाटू दे, लोकांचं फाटेल.” त्यांनी गोणपाटाची घडी घातली. “पण बघवेना हो. चुकीचं चाललंय आणि समोर बसून बघायचं, हे मला परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा जमत नाही. तिथे तरी सांगता येत नाही. इथे कुणाची बंदी होती? उठले, त्यांना बाजूला केलं, बोल्ट ढिला केला, गाडी खाली घेतली. ते म्हणाले, तुला काय कळतं. म्हणून तुम्हाला फोन.”

“आणि मग आवळला कुणी?”

“त्यांनी कसला आवळलाय. त्यांच्या अंगठ्यावर पाना बसला होता.”

ट्रकवाल्याने फळ्या वर उचलल्या आणि पुन्हा चहाला गेला. गाडी स्वतःच्या चाकांवर तळेगावला आली. अंगठा सुजल्यामुळे डॉक्टरांना गिअर बदलवत नव्हता, त्यामुळे ती कुणी चालवली हे मी विचारलं नाही. मॅडमही काही बोलल्या नाहीत, फक्त कामशेतच्या चढावर गाडीला जोर चांगला आहे, एवढं म्हणाल्या.

मी वाकलेला आर्म भंगारात टाकला. वाकलेला सरळ करून पुन्हा वापरायचा नसतो, तो पुढच्या वेळी न सांगता मोडतो. डिकीत ठेवायला नवा करावा लागेल, असं मी म्हटलं आणि विकायचं नक्की असेल तर उगीच खर्च नको, हेही सांगितलं. धंदेवाईक बाई असले तरी एवढं विचारायला हवं.

“विकायचीच आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण अर्धवट अवस्थेत कशी विकणार? आधी सगळं नीट होऊ दे. उजव्या बाजूचाही एक जादा करून ठेवा.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी तेलात कुंकू कालवायला घेतलं. सगळं नीट झाल्यावर विकणारी माणसं या शेडमध्ये मी बरीच पाहिली आहेत. त्यांच्या गाड्या कधी विकल्या गेलेल्या मला आठवत नाहीत.